गोचिडाची सूज

कल्याणहून टोकावड्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक नवरा-बायको बसले होते. बायकोचा गुडघा सुजलेला होता.

"पाय लांब कर गो, चंदा. पिशवी माझ्याकडं दे."

"असू द्या, हलकी हाय."

"तुझ्या मांडीवरचा गोचीड मी नखानं उपटला, तिथंच चुकलं."

"डॉक्टरीणबाई काय बोलल्या, ऐकलं नाय? गोचिडाचा जंतू औषधानं मेला. गुडघ्यातलं पाणी तपासलं, त्यात एक पण नाय सापडला."

"मग सूज कशाची?"

"जंतूशी लढायला आपलंच अंग कसलीतरी रसायनं सोडतं. जंतू मेला तरी ती थांबत नाय. आपल्या भाताच्या राखणीसारखं. डुक्कर कवाच पळालं, पण राखणवाले पत्र्याचे डबे बडवत शेतातच धावतात, नि भात तेच तुडवतात."

"हे डॉक्टरीणबाई बोलल्या?"

"रसायनांचं त्या बोलल्या. डुकराचं माझं."

"म्हणजे पाय कापायचा नाय?"

"कापायचं कोण बोललं? राखणवाल्यांना घरी बोलवायच्या गोळ्या दिल्यात. लावणीपर्यंत पाय मोकळा होईल."

"देव पावला गो! उतरल्यावर एसटीडीवरनं तुझ्या आईला कळवतो. पण तू उठायचं नाय. पाणी मी भरीन, भाकऱ्या मी भाजीन, म्हशीकडं तर फिरकायचं पण नाय..."

"अवो."

"काय?"

"डुक्कर पळालं. आता तुमी पण डबा खाली ठेवा."

टोकावडे आलं. पिशवी तिनंच उचलली.