अण्णांचे मासे, माझं पाणी

हसू नका, पण गोल्डफिशपायी मी एका माणसावर लई जळलोय. शेजारचे मल्लू अण्णा घरात शिरले की त्यांचे दोन्ही मासे काचेला येऊन चिकटायचे. मी घरी आलो तर टीव्हीवरून कुणाची मानसुद्धा वळत नाही.

म्हणून अण्णांच्या दुप्पट मोठा फिश टँक आणला. दुकानदार म्हणाला, "पाणी भरून दोन दिवस ठेवा, क्लोरीन उडू दे, मगच मासे सोडा." आपल्याकडं नळ येतो चार दिवसांनी. नळ आला त्या दिवशी मी बादल्या सोडून आधी टँक भरला.

तिसऱ्या दिवशी पिशवीत दोन मासे घेऊन आलो, तर टँक कोरडा!

बायको म्हणाली, "अहो, अण्णांच्या टँकचं पाणी खराब झालं होतं, मासे तडफडायला लागले होते. आपलं नुसतंच बसलं होतं की. दोनदा बदलावं लागलं, सगळं दिलं."

पिशवी घेऊन तसाच अण्णांकडं गेलो. ते म्हणाले, "एवढंच की! सोडा हितंच, तुमचा टँक तयार होईपर्यंत."

आठवड्यानं मासे आणायला गेलो. काचेच्या एका बाजूला अण्णा उभे राहिले, दुसऱ्या बाजूला मी. चारही मासे अण्णांकडं गेले.