बापापेक्षा जास्त

शुभांगीच्या बायोडाट्याचं तुम्हाला सांगितलं का? सांगोल्याचा माझा मावसभाऊ तानाजी बायोडाटा इंग्रजीत पाहिजे म्हणून थेट सोलापूरला माझ्याकडं आला. शुभांगी त्याची पोरगी, तिची आधीची दोन स्थळं मोडलेली. तो सांगत होता, मी लिहीत होतो.

"लिव, डाळिंबातलं तिला बापापरास जास्त कळतं."

मी लिहिलं, 'ॲज मच ॲज हर फादर'.

"म्हंजी काय?"

"बापाइतकंच कळतं."

"खोटं कशाला लिवतो? बाग तिनंच वाचवली की."

"अरे, पाहुण्यांना पोरगी आगाऊ वाटंल."

"वाटू दे."

केलं मग मुकाट्यानं 'मोअर दॅन हर फादर'.

पाहुणे आले त्या दिवशी मीही सांगोल्याला गेलो होतो. तेही डाळिंबवालेच. पोहे झाल्यावर मुलाच्या वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पोरी, तुला बापापरास जास्त कळतं म्हणं. मग आमच्या पोरापरास?"

झालं, हेही स्थळ गेलं म्हणून मी तानाजीकडं बघितलं. तो खाली मान घालून हसत होता.

शुभांगी शांतपणे म्हणाली, "ते तुमची बाग बगून सांगते."