मालनकाकीचं भरलेलं पोट

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगमहाराज, तुम्हीपण हात मोकळे करा. आता आख्यानाला हात घालायचा. पण त्याआधी एक प्रश्न, आणि उत्तर तुम्ही द्यायचं.

ताटात अन्न टाकणं — पाप का पुण्य?

पाप! वा, कसे एका सुरात बोललात. आता दुसरा प्रश्न. पोट भरलंय. गळ्याशी आलंय. घास बघवत नाही. तरी वाया जाऊ नये म्हणून तेच अन्न पोटात ढकललं. मग ते काय — पाप का पुण्य?

आता का गप्प? मघाचा आवाज कुठं गेला? खांबापाशी बसलेले पाहुणे तर माझ्याच पोटाकडं बघायला लागले. माझं राहू द्या हो, आज दुसऱ्याच्या पोटाची गोष्ट आहे!

ऐका. आमच्याकडं येरळा नदीच्या काठाला एक गाव. तिथं साळुंख्यांच्या घरात मालनकाकी. माळकरी बाई. तोंडात नाम, कपाळाला बुक्का, आणि हाताला अशी चव की पाण्याला फोडणी दिली तरी लोक भुरके मारतील. घरात नवरा सर्जेराव, मुलगा, सून स्नेहल, दोन नातवंडं, आणि आठवड्यातनं चार वेळा येणारी नणंद हिराक्का. ही हिराक्का गावातच दिलेली. नणंद गावात म्हणजे काय असतं ते बायकांना विचारा. त्या हसायला लागल्या बघा!

तर काकींचं वजन वाढलं. किती? घरातला काटा हात जोडायचा. गुडघे कुरकुरायचे, साखर वाढलेली, देवळाच्या पाच पायऱ्या चढायच्या तर मधे दोनदा देवाला हाक. आणि गंमत अशी, की काकी जेवायच्या थोडंसंच! अर्धी भाकरी, चमचाभर भाजी. मग लोक म्हणायचे, "वाऱ्यानं फुगती का काय ही?"

वाऱ्यानं नव्हे मंडळी. उष्ट्यानं.

काकींचं जेवण झालं की खरं जेवण सुरू व्हायचं. सर्जेरावांच्या ताटातली पाव भाकरी, नातवाचा वरणभात, मुलाचा लाडू, पातेल्याच्या बुडाची आमटी, कालची शिळी पोळी. सगळं काकींच्या पुढं सरकायचं. म्हणायचंसुद्धा नाही कुणी. ताट नुसतं सरकवायचं, की झालं. काकी संपवणार.

हसू नका. बाई खादाड नव्हती. बहात्तरचा दुष्काळ ठाऊक आहे ना? मालन तेव्हा एवढीशी पोर. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, आणि तिथं मिळालेली सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचं कोरडं खाणं, पदराला बांधून आणायची. एकदा पोरीच्या हातनं मूठभर सुकडी मातीत सांडली. आईनं मारलं नाही. रागावली नाही. खाली बसली आणि मातीतनं कण कण वेचून तोंडात घातली. जिनं हे बघितलं, ती जन्मात एक शीत टाकेल का? सांगा. मी तिच्या जागी असतो तर मीही टाकलं नसतं.

पण शरीराला दुष्काळ कळत नाही. एक दिवस चक्कर येऊन काकी न्हाणीच्या दारात बसल्या. सून स्नेहल उठली आणि सासूला घेऊन सांगलीला गेली. डॉक्टरीण बाई, तांबोळी आडनाव. गोड बोलायच्या, पण सरळ. म्हणाल्या, "काकी, साखर आता किडनीकडं निघाली. पोटाचं ऑपरेशन करूया. जठराची पिशवी आहे ना, ती दुर्बिणीतनं कापून लहान करायची. केळ्याएवढी."

काकी म्हणाल्या, "आणि मग खायचं कुठं?"

"खायचं, पण वाटीभर."

"आणि उरलेलं?"

डॉक्टरीण बाईंना वाटलं, काकी कापलेल्या जठराचं विचारतात. त्या म्हणाल्या, "ते तपासणीला पाठवतो." काकी आपल्या आमटीच्या काळजीत!

तर ठरलं. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पथ्य. फक्त पातळ — ताक, मुगाचं कढण, प्रोटीनची पावडर. का? तर यकृतावर चरबी चढलेली. ते जरा आकसलं, की दुर्बिणीला वाट मिळते. शिवाय एक यंत्र दिलं, तीन गोळ्यांचं. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, की गोळ्या वर उडतात. फुफ्फुसांची तालीम. काकी ओट्यावर बसून गोळ्या उडवायच्या आणि पोरं टाळ्या वाजवायची. तीनही गोळ्या वर गेल्या त्या दिवशी सर्जेरावांनी साखर वाटायला काढली. स्नेहलनं डबा काढून घेतला.

आणि इथं, मंडळी, घोटाळा झाला. सून तेवढ्यात चुलतभावाच्या लग्नाला माहेरी गेली. गावात विचारायला लागले, "काकी जेवत का न्हाईत?" काकी म्हणाल्या, "पथ्य हाय." आता पथ्य म्हणजे काय? खायचं नाही. खायचं नाही म्हणजे काय? उपास! आणि उपास म्हटल्यावर आपला महाराष्ट्र कधी उपाशी राहिलाय का?

हिराक्का पातेलं घेऊन आली. "वैनी, उपासाला खिचडी चालती की." शेजारणीनं भगर आणि दाण्याची आमटी धाडली. कुणी रताळ्याचा कीस, कुणी राजगिऱ्याचे लाडू, कुणी तुपातली बटाट्याची भाजी. अख्खी आळी पुण्याला टपलेली! आणि काकी? आलेलं अन्न टाकायचं कसं? रोज संपवलं. वर समाधान, की मी धान्याला शिवले नाही.

ठरल्या दिवशी दवाखान्यात काट्यावर उभ्या राहिल्या. उतरायचं ते वजन दीड किलोनं वाढलेलं! साखर तर विचारूच नका.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "काकी, काय खाल्लंत?"

"कायसुद्धा न्हाई वं. माळेची शपथ. नुसतं उपासाचं."

बाईंनी कपाळावर हात मारला, आणि मग इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. "काकी, आमच्या घरी अम्मी दिवसभर रोजा धरते आणि संध्याकाळी शेजारणींनी धाडलेलं सगळं संपवते. वाया जाईल म्हणून. तुमचं आणि तिचं जमेल बघा. पण आज ऑपरेशन नाही. परत दोन आठवडे."

काकी परत आल्या घरी. आता मात्र लग्नाहून परतलेली सूनच सासू झाली. दारात खुर्ची टाकून बसली. पातेलं घेऊन येईल त्याला म्हणायची, "ठेवा इथं, मी खाते." सुनेचं वजन वाढलं म्हणतात, पण सासूचं उतरलं. आणि पुढल्या खेपेला ऑपरेशन झालं. छान झालं. पांडुरंगानं डॉक्टरीण बाईंचा हात धरला आणि बाईंनी काकींचा.

संध्याकाळी नर्सनं काकींना उभं केलं. "चला, चालायचं."

"अगं, आज पोट फाडलंय माझं."

"फाडलं नाही, भोकं पाडलीत. चला."

पोटाला पट्टा, हातात सलाइनचा खांब, आणि काकी वऱ्हांड्यातनं निघाल्या. विठ्ठल म्हणत एक पाऊल, अगं आई म्हणत दुसरं. पाणी प्यायचं ते औषधाच्या टोपणानं, घोट घोट. जी बाई तांब्या वर करून गटागटा प्यायची, तिला पाणीसुद्धा चाखत प्यावं लागलं. स्नेहलला म्हणाल्या, "पाण्याला चव असती गं. मला आत्ता कळलं."

घरी आल्या. आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. ताटातलं आधी मूग-पनीर खायचं, मग बाकीचं. जेवताना पाणी नाही. प्रत्येक घास चावून चावून त्याचं पीठ करायचं. केस थोडे गळले, गोळ्या जन्माच्या लागल्या, ते खरं. पण साखर उतरली! गुडघे बोलायचे थांबले. पाच पायऱ्या एका दमात चढून गेल्या आणि देवापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "आज हाक न मारता आले. रागावू नको."

सगळं छान. पण सवय कुठं जाते? एकदा नातीच्या ताटात दोन घास मऊ भात उरला. काकींचं पोट भरलं होतं, पण हात गेला. पोटाला न विचारताच गेला. दोन घास खाल्ले, आणि छातीत असं दाटून आलं, अशी कळ आली, की बाई घामानं भिजली. उलटी झाली तेव्हा कुठं बरं वाटलं. डॉक्टरीण बाई फोनवर यावेळी हसल्या नाहीत. "काकी, आतले टाके ओले आहेत. आज वाचलात. तुम्ही आता दोन घास जास्त खाणं म्हणजे जिवाशी खेळणं आहे."

काकींनी फोन ठेवला. एकीकडं जीव, दुसरीकडं आईची मातीतली सुकडी. काय करायचं बाईनं?

आणि आली गावची जत्रा. घरात पुरणपोळ्या. हिराक्का, तिची लेकरं, पाहुणे, भरलं घर. काकी अजून पोळी खाऊ शकत नव्हत्या, पण पोळ्या त्यांनीच लाटल्या. आपलं वाटीभर मुगाचं वरण जेवल्या आणि वाढायला उभ्या राहिल्या. आता जत्रेची पंगत, आग्रह तर होणारच. "घ्या हो, एक घ्या, माझी शपथ!" नको नको म्हणेपर्यंत पोळी ताटात.

पंगत उठली. सर्जेरावांच्या ताटात अर्धी पोळी, पाहुण्यांच्या ताटांत कटाच्या आमटीत बुडलेला भात, नातवाची पोळी तर नुसती मधे भोक पाडलेली. आणि काय झालं? सवयीनं एकेक ताट सरकत सरकत काकींच्या पुढं आलं. हिराक्कानंसुद्धा सरकवलं. "वैनी, एवढं संपीव. जत्रंचं अन्न, टाकू नये."

काकी खाली बसल्या. हातात ती अर्धी पोळी घेतली. तुपानं चकाकत होती. घास मोडला. तोंडापर्यंत आला. आणि बाईच्या डोळ्याला धार लागली.

सर्जेराव घाबरले. "अगं, रडतीस का? न्हाई खाववत तर म्हशीला घाल."

काकी म्हणाल्या, "म्हशीला घालायला लाटली व्हती का मी? बसा सगळी खाली. ज्याच्या ताटात हाय, त्यानं संपवायचं."

हिराक्का म्हणाली, "अगं वैनी, गळ्याशी आलंय माझ्या. आता घास उतरायचा न्हाई."

काकींनी हातातला घास ताटात ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "अक्का, माझ्या रोज गळ्याशी यायचं. लगीन होऊन आले त्या दिसापासनं. कुणी इचारलं मला, मालन, तुझं पोट भरलंय का? मी समजत व्हते, मी अन्न वाचिवती. न्हाई वं. तुम्ही टाकतच व्हता. उकिरडा तेवढा घरात व्हता."

मंडळी, अख्खं घर गार!

मग पहिल्यांदा कोण बसलं ठाऊक आहे? सर्जेराव. मांडी घातली, आपलं ताट ओढलं आणि ती अर्धी पोळी खाल्ली. शेवटचे दोन घास जाईनात. डोळ्यांत पाणी आलं, पण खाल्ले. आणि म्हणाले, "मालन, हे असं तुला रोज व्हायचं?"

एवढंच विचारलं. इतक्या वर्षांनी! काकी पाणावल्या डोळ्यांनी हसल्या. म्हणाल्या, "उद्या पोळ्या कमी लाटीन."

त्या दिवसापासनं साळुंख्यांच्या घरी आग्रह बंद. आधी विचारायचं, मग वाढायचं, आणि लागलं तर परत मागायचं. पातेली लहान झाली. नातवंडं स्वतःचं ताट स्वतः पुसून उठतात. हिराक्का? ती अजून आठवड्यातनं चार वेळा येते. पण येताना भुकेली येते!

आता सांगा, माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय? काकींच्या आईनं भुकेल्या पोटात मातीतला कण घातला, ते पुण्य. मालनकाकीच्या भरल्या पोटात घरानं आपलं उष्टं ढकललं, ते पाप. आणि ते पाप खाणारीचं नव्हतं हो. ताट सरकवणाऱ्यांचं होतं.

अन्न ब्रह्म आहे म्हणता ना? मग जिच्या पोटात ते जातं, ती कोण? तिथं कोण बसलाय? तोच बसलाय, विटेवरचा! त्याला तुम्ही उरलेलं चारता?

आता थोड्या वेळात पंगत बसेल. वाढपी येतील. पोट भरलं की हात आडवा करा, आणि वाढप्यांनो, आडव्या हातावर वाढू नका. इथं तुम्ही नीट वागाल, मला ठाऊक आहे, चार माणसं बघत असतात. पण उद्या घरी जेवून उठाल तेव्हा ताट सरकवायच्या आधी बघा ते कुणाकडं सरकतंय. ती शेवटी जेवायला बसलेली असेल. ताट तिथंच थांबवा, तिच्या शेजारी बसा, आणि नाव घेऊन विचारा, "तुझं झालं का गं?"

बायकांच्या बाजूनं आता टाळ्या आल्या. पुरुषांनो, तुमच्या बाजूला आवाज नाही. हरकत नाही. आज टाळी नको, उद्या विचारा म्हणजे झालं. आता मृदंगावर थाप पडू द्या आणि पोटातनं नाम येऊ द्या — विठ्ठल, विठ्ठल!