आठ पोती लग्नपत्रिका

सन्माननीय अध्यक्षा डॉ. तनुजाताई, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते रशियन भाषेचे आपले प्राध्यापक गयास सर, समोर बसलेल्या त्यांच्या पत्नी फहमिदाभाभी आणि सर्व सुहृदहो,

मी बद्रीनाथ, या महाविद्यालयाचा ग्रंथपाल. सरांच्या अभ्यासावर मी बोलावं, असा ताईंचा आदेश आहे. एकतीस वर्षं एखाद्यानं ‘जो’ या एवढ्याशा शब्दामागं घालवावीत? सरांनी घालवली. आपण म्हणतो, ‘जो माणूस आला, तो गेला.’ या ‘जो’च्या जागी रशियन माणूस ‘कोणता’ हा प्रश्नाचाच शब्द वापरतो. जुन्या स्लाव्ह पोथ्यांत मात्र ‘इझे’ असा वेगळा शब्द होता. तो आपल्या ‘जो’च्या नात्यातला, की ‘तो’सारख्या शब्दातून निघालेला? प्रश्नाच्या शब्दानं त्याची जागा कधी घेतली? सर एकेक वाक्य टिपत राहिले. चहाला बसलं की म्हणायचे, "बद्रीनाथ, रिटायर झालो की किताब पक्की!"

टिपणं माझ्याच ग्रंथालयातल्या एका कपाटात होती. बावीस हजार. मी एकदाही बघायला मागितली नाहीत, कपाट कोणतं तेही विचारलं नाही, याची आज लाज वाटते.

गेल्या वर्षी तपासणी समिती येणार म्हणून आम्ही आवराआवर काढली. सर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. आमच्या सफाईच्या मालनबाईंनी एक कपाट उघडून विचारलं, "सायेब, ह्या लग्नाच्या पत्रिका कशाला ठिवल्यात हितं?" मी वरची एक पाहिली. करमाडच्या कुणाचं तरी लग्न. उलटून पाहिली नाही. रद्दीच्या यादीत स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘जुन्या लग्नपत्रिका, पोती आठ’, आणि सही ठोकली.

चार दिवसांनी कपाटामागं एक पत्रिका सापडली. कोऱ्या बाजूवर सरांचं अक्षर! भाभी शहागंजात घरोघरी फिरून पत्रिका जमवायच्या, कापून द्यायच्या, हे मला पुढं त्यांच्याच बोलण्यातून कळलं. ती पत्रिका बघताच मी रद्दीवाल्याकडं धावलो, तिथून कागदाच्या कारखान्यात. सगळ्याचा लगदा झाला होता.

सरांना मात्र वर्षभर सांगत आलो, "नव्या इमारतीत हलवलंय, सुरक्षित आहे." ऑपरेशननंतर सरांना बारीक अक्षर दिसत नाही. पुन्हा लिहिणं आता होणार नाही, हे मला ठाऊक आहे. सर, उद्या टिपणं न्यायला तुम्ही टेम्पो सांगितलाय. तो नको म्हणून कळवा. न्यायला काही उरलेलं नाही.

भाभी, रडू नका म्हणायचाही मला हक्क नाही.

ताई, बोलू दिलंत, आभारी आहे. समारंभाचा विरस केला, तेवढं सभागृहानं पोटात घालावं. बाकीची माफी मी मागत नाही. सर, कार्यक्रमात यानंतर माझ्या हस्ते तुम्हाला शाल आहे. ती दुसऱ्या कुणाच्याही हातून घ्या.