धूर बसेपर्यंत

—नाही मॅडम, इंजिन बंदच करा, सुरुंग उडून नारिंगी धूर खाली बसेपर्यंत कोणी जात नाही — दहा मिनिटं, कधी वीस. काय लिहिलंय कागदावर? 'खाणीमुळे रस्त्यावरच्या लोकांच्या जीवनमानावर झालेला परिणाम.' हां. लिहा ना. पुढची काच वर्षाला दोनदा फुटते, तुमचीही फुटेल. शाळेची बस उशिरा पोचते, मुलं खूश आहेत. बारा तासांची पाळी करून सुटलेले लोक डोळे मिटून गाडी चालवतात. आणि बोट — बोट माहीत नाही? समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो नसो. आता दिवसाला चारशे गाड्या, कोण उचलणार? माझे बाबा उचलतात. चारशेच्या चारशे वेळा. मलाही उचलायचे, इथे 'थांबा'ची पाटी धरून उभा असलो की — आता नाही. म्हणजे मलाच नाही.

काही नाही हो, आमची कुत्री होती, टॉफी. मार्चमध्ये तिला साप चावला. बाबांनी गाडीत घातलं तिला, जनावरांचा डॉक्टर क्लर्मोंटला, पन्नास मिनिटं. आणि इथे मी, 'थांबा' करून. म्हणाले, "कोल्बी, सोड." मी म्हटलं, "रेडिओवरून सांगितल्याशिवाय नाही सोडता येत, बाबा." — नियम बरोबर आहे, दगड येतो डोक्यात. म्हणाले, "मग विचार की त्यांना!" अठ्ठावीस मिनिटं. टॉफीचं डोकं त्यांच्या मांडीवर. सुरुंग कधीच उडून झाला होता, धूरही नव्हता, खाणीने मला कळवायचं तेवढं राहिलं होतं. नाही, रेडिओ चालू होता. बिघडला वगैरे नव्हता. पण रेडिओवर बोललेलं सगळी खाण ऐकते ना, मॅडम. दीडशे माणसं. शाळेतही मी कधी हात वर केला नाही, म्हणून तर नववीतच सोडली. मी पाठ फिरवली, रेडिओ तोंडाजवळ धरला, नुसते ओठ हलवले — आणि बाबांना सांगितलं, "उत्तर देत नाहीत." बाबांच्या गाडीतही रेडिओचा हाच चॅनल चालू असतो, ऐकण्यापुरता. ते मला संध्याकाळी आठवलं, खड्डा खणताना.

हे नका लिहू. आणि वळून बघू नका — ती मळकी पांढरी गाडी आली ना तुमच्या मागे? बाबाच. मंगळवारी गावात जातात. धूर बसलाय, नाही? मला तरी बसलेला दिसतोय. अजून कळवलं नाही. कळवतील. कळवतीलच की — जरा पेन थांबवा, मॅडम.

"खाण… खाण, मी कोल्बी, फाटक दोन. धूर बसलाय. गाड्या सोडू का?… हो, कोल्बी… हो, मीच बोलतोय."

सोडा म्हणाले. निघा मॅडम, निघा आता. मागे गाडी खोळंबलीये.