भट्टीवरचा मोगरा

आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीतले दत्तूमामा तुम्हाला माहीत नाहीत. भट्टीवरचा दणकट गडी. एका सकाळी ते कामावर आले आणि आख्ख्या शेडमध्ये गोड वास सुटला.

मी म्हटलं, "मामा, लिचीचा ज्यूस सांडून घेतला व्हय अंगावर?"

"गप की रं. सेंट हाय, माझ्या पोरीचा."

लेक पहिल्या नोकरीला बेंगळुरूला निघाली होती. तिला स्टँडवर सोडून मामा थेट आले होते. कामाच्या कपड्यांना जळक्या मातीचा वास येतो म्हणून तिथं ते लांबच उभे राहिले. लेकीनं पर्समधली लिमिटेड एडिशनच्या सेंटची बाटली काढली. परत मिळणार नाही म्हणून ती थेंब-थेंब वापरायची. तीच तिनं बापाच्या शर्टावर फसाफसा मारली आणि म्हणाली, "आता या जवळ."

दुपारपर्यंत सेंटातला लिचीचा वास उडाला. घामाच्या धारांतही त्याच्याखालचा मोगऱ्याचा वास मात्र टिकला.

सुट्टी झाल्यावर मामा तसेच निघाले.

"मामा, आज हातपाय धुवून कपडे बदलायचं न्हाय?"

"नगं. तिची आई सकाळपास्नं रडत बसली आसंल. तिला बी जरा वास घिऊ दे की."