खंती म्हंजे काय

हॅलो?… हो, मीच नलू. खंतीची आई… प्रेसमधून? बोला ना भाऊ. झाले का कार्ड छापून?… अजून नाई? काहून?…

नाई, नाई, चुकलं नाई. शांती नाई हो, खंतीच… ख वर अनुस्वार. खं… ती… पोरीचंच नाव हाये. गेली ना ती… रविवारी तिच्याच पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम… एकोनीस वर्साची होती. फेब्रुवारीत एकोनीस पुरे झाले होते…

खंत? नाई भाऊ, तो शब्द अलग. हा पालीतला हाये. खंती म्हंजे सहन करनं, कोनावर राग न धरता… हो, बुद्धानं सांगतलेल्या दहा पारमिता असतात ना, दहा मोठे गुन, त्यातली एक. तिच्या आजोबानं ठेवलं. नामकरनाच्या दिवशी विहारात उभं राहून सगळ्याईले अर्थ सांगतला होता आबानं…

शाळेत? हसत ना पोरी! पन ती घरी येऊन म्हने, 'आई, आज मीच सरले पाली शिकवली'…

कायनं?… सिकलसेल होता भाऊ. लहानपनापासूनच. हाडं दुखत… आपन इचारलं, लय दुखते का बाई? तर म्हने, थोडंसं. यवतमाळले नेलं तवा डॉक्टर म्हनले, आठ दिवस पोरगी गप राह्यली कशी?… मीच आखीन एकदा इचाराले पायजे होतं…

नाई, नाई… रडून नाई राह्यली. बोला…

तिचे बाबाबी तेच म्हनतात. शांती छापा, कोनी इचारनार नाई. मी म्हनलं, इचारू द्या…

आबा? आबा बोलतच नाईत. नऊ दिवस झाले. त्या दिवशी येवढंच म्हनले, 'नलू, म्या नाव देल्लं अन् पोरीचं तोंड बंद केलं'… म्या सांगतलं ना! आबा, नावानं कोनी मरत नाई… आयकतच नाईत. जेवाचं ताटबी तसंच परत येते…

भाऊ, एक मिनिट हं… आबा, तुम्ही कायले उठले?… नाई, प्रेसवाल्या भाऊचा फोन हाये. खंती म्हंजे काय, इचारून राह्यला… सांगतलं मी, पन मले तुमच्यासारखं कुठं सांगता येते?… नाई म्हनू नोका. घ्या…

हॅलो, भाऊ? आबाजवळ फोन देते. तुम्ही पह्यल्यापासून इचारा त्याईले, काही मालूम नसल्यावानी… हो, कार्ड उद्या झाले तरी चालतात…

अन् भाऊ, ते रडले तर रडू द्या. फोन ठेवू नोका… घ्या आबा. बोला.